खुर्ची प्रदेशाची की प्रदेशातल्या माणसाची?

एखाद्या राष्ट्रीय पक्षाची नवी कार्यकारिणी जाहीर झाली की पहिली मोजणी राज्यवार होते. आपल्याकडच्या कोणाची वर्णी लागली, कोणाचा पत्ता कापला गेला, शेजारच्या राज्याला किती जागा गेल्या. गेल्या वेळी चार नावं होती, आता सहा आहेत, म्हणजे राज्याचं वजन वाढलं असं म्हणून चर्चा संपते.

मोजणी करायलाच हवी, पण ती पहिल्याच पायरीवर थांबते. त्या सहा जणांना तिथं पाठवलं कोणी? त्यांना मताचा अधिकार आहे की ते नुसते निमंत्रित आहेत? आणि मत असलं, तर त्यांच्या मतानं एखादा निर्णय कधी फिरू शकतो का? एवढं कळल्याशिवाय 'सहा' या आकड्यातून फारसं काही हाती लागत नाही.

आधी ही समिती करते काय ते पाहू. जवळपास प्रत्येक पक्षाच्या घटनेत अधिवेशन सर्वोच्च मानलेलं असतं. पण अधिवेशन रोज भरत नाही. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात पक्ष चालवायला जी लहान समिती असते तिला कुठं कार्यसमिती म्हणतात, कुठं राष्ट्रीय कार्यकारिणी, कुठं केंद्रीय समिती. युती करायची की नाही, उमेदवार कोणत्या नियमानं निवडायचे, पैसा कुठं किती लावायचा, शिस्तभंगाची कारवाई कोणावर करायची, हे सगळं तिथं किंवा तिच्या आशीर्वादानं ठरतं. बऱ्याच पक्षांत तिच्या हाती आणखी एक अधिकार असतो आणि राज्यांच्या दृष्टीनं तोच सगळ्यात मोठा: एखाद्या राज्याची कमिटी बरखास्त करणं. जी समिती एका ठरावानं तुमची प्रदेश कमिटी घरी बसवू शकते, तिथं तुमचं म्हणणं मांडणारं कोणी असणं ही मानापानाची बाब उरत नाही.

जागा वाटायच्या कशा

वाटपाच्या मुख्य रीती तीनच आहेत. सगळ्या प्रदेशांना सारख्या जागा द्या, ज्याची माणसं जास्त त्याला जास्त द्या, किंवा पक्षाला जिथून मतं मिळतात तिथं जास्त द्या. बाकी सगळे प्रकार या तिन्हींच्या मिश्रणातून होतात.

सारख्या वाटपाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचं. त्यांच्या राष्ट्रीय समितीत १६८ सदस्य. ५० राज्यं, राजधानीचा जिल्हा आणि ५ बाहेरचे प्रदेश अशा ५६ घटकांना प्रत्येकी ३ जागा. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाखांवर होती आणि वायोमिंगची पावणेसहा लाखांच्या आसपास. दोघांनाही तीनच. डेमोक्रॅटिक पक्षानं दुसरी वाट धरली. तिथं राज्य शाखांचे पदाधिकारी समितीत असतातच, शिवाय २०० जागा राज्याची लोकसंख्या आणि तिथं पक्षाला पडलेली मतं पाहून वाटल्या जातात.

सारखं वाटप ऐकायला न्याय्य वाटतं, आणि जिथं पक्ष म्हणजे मुळात स्वतंत्र प्रादेशिक संघटनांनी केलेला करार असतो तिथं ते योग्यही असतं. पण त्यात एक धोका आहे, आणि तो १९१२ साली शिकागोत सगळ्या जगानं पाहिला.

त्या वर्षी रिपब्लिकन उमेदवारीसाठी विद्यमान राष्ट्राध्यक्ष टाफ्ट आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आमनेसामने होते. ज्या राज्यांत सामान्य पक्षसमर्थकांनी मतदान करून कौल दिला, त्यांतल्या बहुतेक राज्यांत रूझवेल्ट जिंकले होते. पण उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनातल्या पावाच्या आसपास जागा दक्षिणेतल्या राज्यांकडे होत्या. तिथं रिपब्लिकन पक्ष जवळजवळ नावापुरताच उरला होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथून काही मिळत नसे, तरी अधिवेशनात मात्र त्या राज्यांचे भरगच्च प्रतिनिधी येत. त्यांतल्या बऱ्याच जणांची सरकारी पदं राष्ट्राध्यक्षांच्या कृपेवर अवलंबून होती, त्यामुळे ते कोणाकडे झुकणार हे उघड होतं. त्यात २५४ जागांवर वाद झाला: खरा प्रतिनिधी कोणता, टाफ्ट गटाचा की रूझवेल्ट गटाचा? निवाडा राष्ट्रीय समितीकडे गेला आणि त्या समितीत प्रत्येक राज्याला एक जागा होती, पक्ष तिथं जिवंत असो वा नसो. समितीनं २३५ जागा टाफ्ट यांना दिल्या आणि १९ रूझवेल्ट यांना. रूझवेल्ट गटाचे बरेच दावे कच्चे होते हेही खरं. पण लोकांच्या मनात बसलं ते एवढंच, की जिथं पक्षाला मतंच नाहीत तिथल्या माणसांनी पक्षाचा उमेदवार ठरवला. रूझवेल्ट बाहेर पडले, त्यांनी वेगळा पक्ष काढला, मतं फुटली आणि टाफ्ट यांना जेमतेम दोन राज्यं मिळाली. पुढच्या, म्हणजे १९१६ च्या अधिवेशनासाठी दक्षिणेच्या जागा कमी करण्यात आल्या.

पोकळ शाखेला भरीव जागा दिली की ती जागा शाखेची राहत नाही. तिच्यावर ज्याचा हात असेल त्याची ती होते. सारख्या वाटपाबद्दल माझा आक्षेप एवढाच आहे. लहान प्रदेशाला जास्त वजन मिळालं म्हणून बिघडत नाही. पण त्या लहान प्रदेशात खरेच सदस्य आहेत का, बैठका होतात का, हे कोणी तपासत नसेल तर ती जागा भाड्यानं द्यायला मोकळी होते.

मग सदस्यसंख्येवर जागा द्याव्यात? इथं दुसरी अडचण उभी राहते. आकडा वाढला की जागा वाढतात हे कळलं, की आकडे वाढायला लागतात. एकाच हस्ताक्षरात भरलेले अर्ज, एकानंच सगळ्यांची भरलेली वर्गणी, सदस्याला पत्ताच नाही आणि यादीत त्याचं नाव पक्कं, हे ज्यानं सदस्यनोंदणीची मोहीम जवळून पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये हा वाद कोर्टापर्यंत गेला. डिसेंबर २०१७ च्या त्यांच्या परिषदेआधी न्यायालयाच्या निकालांमुळे काही प्रांतांच्या कार्यकारिणींना मतदानाबाहेर राहावं लागलं. त्या परिषदेत सिरिल रामाफोसा २,४४० विरुद्ध २,२६१ मतांनी अध्यक्ष झाले. फरक १७९ मतांचा. एवढ्या कमी फरकात कोणत्या शाखेचे किती प्रतिनिधी खरे, याला केवढी किंमत येते ते वेगळं सांगायला नको.

जर्मनीनं या प्रश्नाला थेट कायद्यात हात घातला, आणि मला तो मार्ग समजूतदार वाटतो. तिथल्या १९६७ च्या पक्षविषयक कायद्यात म्हटलं आहे की अधिवेशनात प्रादेशिक शाखेचे प्रतिनिधी मुख्यतः तिच्या सदस्यसंख्येवर ठरावेत. पक्षाची इच्छा असेल तर कमाल निम्म्या जागा मागच्या निवडणुकीत त्या भागातून मिळालेल्या मतांच्या प्रमाणात देता येतात. सदस्यांचे आकडे फुगवता येतात, मतपेटीतले फुगवणं अवघड. दोन्हींची सांगड घातली की एकाचा खोटेपणा दुसऱ्यानं उघडा पडतो. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे पक्षाला नोंदणीसाठी आपली घटना निवडणूक आयोगाला द्यावी लागते, पण राज्यांना जागा कशा वाटायच्या यावर कायदा काही बोलत नाही. ते पक्षावर सोडलेलं आहे.

प्रदेश कोणाला म्हणायचं

वाटपाच्या आधी आणखी एक प्रश्न असतो आणि तो बहुतेक वेळा सुटून जातो: सीमा कोणी आखली?

काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाकडे, म्हणजे १९२० कडे, या नजरेनं पाहायला हवं. त्याआधी कोणत्या प्रांताचे किती प्रतिनिधी याला घट्ट मर्यादा नव्हती. अधिवेशन जिथं भरेल तिथली माणसं मोठ्या संख्येनं येत आणि मांडवात त्यांचा आवाज मोठा होई. खुद्द नागपूरला चौदा हजारांहून जास्त प्रतिनिधी जमले होते. म्हणूनच १९०७ साली अधिवेशन नागपूरहून सुरतेला हलवणं ही निव्वळ जागाबदल नव्हती. नागपुरात टिळकांच्या बाजूचा जोर होता. शिवाय यजमान प्रांतातल्या माणसानं अध्यक्ष होऊ नये असा संकेत होता, आणि सुरत मुंबई प्रांतात, म्हणजे टिळकांच्याच प्रांतात. स्थळ बदललं तसं मांडवातलं बळ बदललं आणि टिळकांचं नाव अध्यक्षपदासाठी येण्याची वाटही बंद झाली. त्या अधिवेशनात काँग्रेस फुटली.

नागपूरला १९२० मध्ये हे सगळं घटनेत बांधलं गेलं. लोकसंख्येच्या दर पन्नास हजारांमागे एक प्रतिनिधी, अखिल भारतीय समितीत ३५० सदस्य, आणि रोजचा कारभार पाहायला १५ जणांची कार्यसमिती. ब्रिटिशांनी आखलेले प्रांत बाजूला ठेवून भाषेनुसार २१ प्रांतिक समित्या केल्या. तरीही सगळ्या मराठी भाषकांची मिळून एक समिती झाली नाही. महाराष्ट्र, मुंबई शहर, मराठी मध्य प्रांत आणि वऱ्हाड अशा चार समित्या झाल्या. आता विचार करा: चार समित्या म्हणजे चार अध्यक्ष, चार सचिव, वरच्या समितीत जायच्या चार वाटा. एकच भाषा बोलणाऱ्या लोकांचं वजन त्यामुळे वाढतं की विभागलं जातं? चौघं एका सुरात बोलले तर वाढतं, चौघांची तोंडं चार दिशांना असतील तर विभागलं जातं. जागांच्या तक्त्यात हे दिसत नाही.

प्रांताच्या आतही प्रांत असतो. मुंबईच्या १९३४ च्या अधिवेशनात काँग्रेसनं प्रतिनिधींची कमाल संख्या २,००० वर आणली आणि त्यातले १,४८९ ग्रामीण भागातले, ५११ शहरी असं ठरवून टाकलं. नाहीतर प्रांताच्या नावानं प्रांताच्या मोठ्या शहरातलेच वकील-डॉक्टर वर जात राहिले असते. राज्याला सहा जागा मिळाल्या आणि सहाही जण राजधानीतलेच निघाले, तर उरलेल्या राज्याला काय मिळालं, हा प्रश्न आजही विचारावा असा आहे.

जागा आणि ताकद

आता थोडं गणित करू, कागद-पेन्सिलनं सहज होईल असं. पक्षाचे एकूण एक लाख सदस्य आहेत असं धरा. चार प्रदेश: पूर्वेत ५३,००० सदस्य, पश्चिमेत २६,०००, उत्तरेत १४,०००, दक्षिणेत ७,०००. समितीत २० जागा, निर्णयाला ११ मतं लागतात.

निव्वळ सदस्यसंख्येवर वाटप केलं तर पूर्व ११, पश्चिम ५, उत्तर ३, दक्षिण १ असं होतं. कागदावर चोख. पण पूर्वेच्या अकरा जणांचं एकमत झालं की बाकीच्या नऊ जणांनी बैठकीला येण्याचंही कारण उरत नाही. सारखं वाटप केलं तर प्रत्येकी ५. मग पूर्वेतले निम्म्याहून जास्त सदस्य पाव जागांवर येतात आणि ४७ टक्के सदस्य असलेले बाकीचे तीन प्रदेश १५ जागा घेऊन बसतात. पूर्वेतला कार्यकर्ता म्हणणार, वर्गणी आम्ही भरायची आणि ठरवायचं तुम्ही?

म्हणून बहुतेक पक्ष मधली वाट काढतात. प्रत्येकाला आधी दोन-दोन जागा हक्काच्या, म्हणजे ८ गेल्या. उरलेल्या १२ सदस्यसंख्येवर वाटायच्या. त्या ६, ३, २, १ अशा जातात आणि शेवटी पूर्व ८, पश्चिम ५, उत्तर ४, दक्षिण ३ असा तक्ता तयार होतो. पूर्व सगळ्यात मोठी, पण एकटी पुरी पडत नाही.

इथं जरा थांबून बेरजा करून पाहा. प्रत्येक प्रदेश एकगठ्ठा मत देतो असं धरलं तर पूर्व आणि पश्चिम मिळून १३, पूर्व आणि उत्तर १२, पूर्व आणि दक्षिण ११. म्हणजे पूर्वेला बहुमतासाठी तिघांपैकी कोणीही एक चालतो. पूर्वेला वगळून बहुमत करायचं तर तिघांनाही एकत्र यावं लागतं, त्यातला एक जरी गळला तरी जमत नाही. याचा अर्थ असा की पश्चिमेच्या पाच जागा आणि दक्षिणेच्या तीन जागा यांची सौदा करायची ताकद अगदी सारखी आहे. पश्चिमेनं भांडून एक जागा वाढवून घेतली, तीही उत्तरेच्या चारांतून, म्हणजे तक्ता ८, ६, ३, ३ झाला, तरी या ताकदीत काडीचा फरक पडत नाही. बातमी मात्र 'पश्चिमेचं वजन वाढलं' अशीच येईल.

हे नुसतं कागदावर घडतं असं समजू नका. न्यूयॉर्क राज्यातल्या नॅसॉ काउंटीच्या मंडळात १९६० च्या दशकात सहा प्रतिनिधींना लोकसंख्येच्या मानानं ३१, ३१, २८, २१, २ आणि २ अशी मतं होती. एकूण ११५, बहुमताला ५८. जॉन बँझाफ या वकिलानं १९६५ मध्ये दाखवून दिलं की पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघं एकत्र आले की निर्णय होतो आणि त्यांच्यापैकी दोघं नसतील तर तो होऊच शकत नाही. २१ मतं असलेल्या प्रतिनिधीनं हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, निकाल कधीच बदलत नव्हता. त्याच्या मागं असलेल्या हजारो लोकांना प्रतिनिधित्व होतं, नोंद होती, खुर्ची होती आणि ताकद शून्य होती.

त्यामुळे जागावाटपाच्या वाटाघाटीत बसणाऱ्यांनी 'किती जागा' याच्याबरोबर 'बहुमत किती मतांचं' हाही प्रश्न लावून धरला पाहिजे. घटनादुरुस्ती किंवा राज्य कमिटीची बरखास्ती यांना साध्या बहुमताऐवजी दोन तृतीयांश लागतील असं ठरलं, तर तेवढ्यानं लहान प्रदेशांना जे मिळतं ते दोन जागा वाढवूनही मिळणार नाही.

पाठवलं कोणी

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. समितीत प्रदेशाचा माणूस जाण्याच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेवर त्याच्या गळ्यातली दोरी वेगळ्या हातात असते.

पहिली वाट पदसिद्ध सदस्यत्वाची. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत परिषदेनं निवडलेल्या सदस्यांखेरीज नऊ प्रांतांचे अध्यक्ष आणि सचिव पदसिद्ध असतात. याचा फायदा साधा आहे: प्रांतातली निवडणूक हरला की वरची खुर्ची आपोआप जाते, त्यामुळे माणसाला प्रांताकडे पाठ फिरवता येत नाही. तोटाही आहे. प्रांतात ज्या गटाची सत्ता, त्याचाच आवाज वर जातो आणि दुसऱ्या गटाचे चाळीस टक्के लोक दिसेनासे होतात. जर्मन कायद्यानं पक्षाच्या कार्यकारिणीत पदसिद्ध सदस्यांची मर्यादा एक पंचमांशावर ठेवली आहे ती याच विचारातून, की निवडून आलेल्यांपेक्षा पदामुळे आलेले भारी पडू नयेत.

दुसरी वाट प्रदेशाच्या नेत्यानं नाव सुचवण्याची. ब्रिटनच्या मजूर पक्षात २०१६ मध्ये स्कॉटलंड आणि वेल्सला राष्ट्रीय कार्यकारिणीत एकेक जागा मिळाली. मागणी जुनी होती आणि रास्तही. पण ती जागा भरायची कोणी? तिथल्या नेत्यानं, असं ठरलं. त्या वेळी कार्यकारिणीत तेव्हाचे पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्या बाजूचे आणि विरोधातले जवळजवळ बरोबरीत होते. कॉर्बिन समर्थकांनी आक्षेप घेतला की प्रदेशाला जागा द्यायचीच तर तिथल्या सदस्यांच्या मतदानानं द्या. दोन जागांवरून एवढं रण का, असं दुरून वाटतं. पण त्या दोन जागांनी काठावरचं बहुमत इकडचं तिकडे होणार होतं आणि प्रादेशिक न्यायाच्या भाषेत गटाचं गणित मांडलं जातंय असं एका बाजूला वाटत होतं. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. प्रदेशाला जागा हवी होती आणि ती देण्याची वेळ कोणाच्या तरी सोयीची होती. पक्षांच्या घटनेतले बरेच चांगले बदल अशाच मुहूर्तावर झालेले असतात.

तिसरी वाट अध्यक्षांनी नेमण्याची, आणि आपल्याकडे ती राजमार्ग झाली आहे. काँग्रेसच्या कार्यसमितीतल्या काही जागा निवडणुकीनं भराव्यात असं पक्षाची घटना म्हणते. तशी निवडणूक १९९२ साली तिरुपतीला झाली. अर्जुन सिंह आणि शरद पवार निवडून आलेल्यांत होते. पण निवडून आलेल्यांत एकही महिला नव्हती, अनुसूचित जाती-जमातींमधलं कोणी नव्हतं. हे कारण पुढं करून तेव्हाचे अध्यक्ष नरसिंह राव यांनी निवडून आलेल्यांचे राजीनामे घेतले आणि समिती नेमणुकीनं भरली. अर्जुन सिंह आणि पवार पुन्हा समितीत आले, या वेळी अध्यक्षांचे नियुक्त सदस्य म्हणून.

हा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. माणूस तोच, खुर्ची तीच, राज्यवार मोजणी केली तर आकड्यातही फरक नाही. पण आदल्या दिवशी तो अखिल भारतीय समितीच्या सदस्यांच्या मतांवर तिथं बसला होता आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या सहीवर. आदल्या दिवशी अध्यक्षांशी मतभेद झाला तर त्याच्या मागं मतं होती. दुसऱ्या दिवशी नुसतं नेमणुकीचं पत्र होतं.

आणि तरीही राव यांनी दिलेलं कारण खोटं नव्हतं. खुल्या निवडणुकीत संघटित, पैसेवाले, जुने लोकच निवडून येतात हे जगभर दिसतं. त्यावर उपाय निवडणूक रद्द करणं हा नाही, निवडणुकीतच राखीव जागा ठेवणं हा आहे. रायपूरच्या २०२३ च्या अधिवेशनात काँग्रेसनं कार्यसमितीत ५० टक्के जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला आणि तरुणांसाठी राखून ठेवण्याची दुरुस्ती केली. मात्र त्याच अधिवेशनाच्या वेळी सुकाणू समितीनं सर्व सदस्य नेमण्याचे अधिकार अध्यक्षांना दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये जी यादी आली तिच्यात ८४ नावं होती, त्यातले सदस्य ३९. बाकीचे कायम निमंत्रित आणि विशेष निमंत्रित. आपल्या राज्यातली नावं मोजणाऱ्यानं हे दोन रकाने वेगळे मोजायला हवेत. निमंत्रिताला बैठकीत बसता येतं, बोलता येतं आणि त्याचं बोलणं कधीकधी फार मोलाचं ठरतं, पण तो सदस्य नव्हे.

याच यादीत राज्यांचे प्रभारीही होते. प्रभारी आणि प्रतिनिधी यांत लोकांची गल्लत होते. प्रतिनिधी हा राज्याचा केंद्रातला माणूस, प्रभारी हा केंद्राचा राज्यातला माणूस. पहिल्यानं खालचं वर न्यायचं, दुसऱ्यानं वरचं खाली आणायचं. एखाद्या राज्याबद्दलची माहिती समितीला प्रभारींकडूनच मिळत असेल, तर त्या राज्यातला कोणी समितीत असूनही राज्य तिथं गैरहजर असतं.

चौथी वाट थेट निवडणुकीची, आणि ती सगळ्यात चांगली असं म्हणताना एक अट घालावी लागते. मजूर पक्षाच्या कार्यकारिणीत स्थानिक शाखांच्या सदस्यांमधून नऊ जण निवडले जातात. २०१८ मध्ये मतदाराला नऊ मतं होती आणि ज्यांना जास्त मतं ते निवडून, अशी पद्धत होती. नऊच्या नऊ जागा एकाच गटाच्या यादीला गेल्या. २०२० मध्ये पसंतिक्रमानं मत देण्याची पद्धत आणली, ज्यात मतदार पहिली पसंती, दुसरी पसंती असे क्रमांक लिहितो. त्याच नऊ जागा तीन वेगवेगळ्या प्रवाहांत विभागल्या गेल्या. प्रदेशाला पाच जागा मिळाल्या आणि त्या पाचही एकाच गटानं नेल्या असं व्हायचं नसेल, तर मत मोजायची पद्धत बदलावी लागते. काँग्रेसच्या घटनेतही प्रदेश समितीच्या सदस्यांनी आपल्यातले एक अष्टमांश जण अखिल भारतीय समितीवर याच क्रमदेय पद्धतीनं निवडावेत असं लिहिलेलं आहे. तरतूद उत्तम आहे. ती कागदावरून खाली उतरायची तर प्रदेशाच्या बैठकीत 'नावं ठरवण्याचे सर्वाधिकार अध्यक्षांना' हा एका ओळीचा ठराव न येता मतपत्रिका आली पाहिजे.

बैठकीनंतर

समितीत बसलेला माणूस परत येऊन काय सांगतो, याबद्दल कोणत्याही पक्षाची घटना फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते प्रादेशिक प्रतिनिधित्व सगळ्यात जास्त इथंच गळतं. बहुतेक पक्षांत राष्ट्रीय बैठकीचा वृत्तांत म्हणजे प्रवक्त्यानं पत्रकारांना दिलेली चार वाक्यं. चर्चा सविस्तर झाली, ठराव एकमतानं झाला. आपल्या राज्याच्या माणसानं तोंड उघडलं की नाही, कळायला मार्ग नसतो.

ऑस्ट्रेलियात १९६३ साली याची फार मोठी किंमत मोजावी लागली. मजूर पक्षाचं धोरण तिथं सहा राज्यांनी पाठवलेले प्रत्येकी सहा असे ३६ प्रतिनिधी ठरवत. संसदेतला पक्षनेता त्यात नसे. मार्चमध्ये कॅनबेराच्या एका हॉटेलात अमेरिकी नौदलाच्या दळणवळण केंद्राच्या प्रश्नावर त्यांची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली आणि निर्णय १९ विरुद्ध १७ असा झाला. त्या वेळी पक्षाचे नेते आर्थर कॉलवेल आणि उपनेते गॉफ व्हिटलम बाहेर रस्त्यावर दिव्याखाली निकालाची वाट पाहत उभे होते. तो फोटो छापून आला. '३६ चेहराहीन माणसं' हे शब्द मग पंतप्रधान मेंझीस यांच्या बाजूनं प्रचारात चालले आणि वर्षअखेरीच्या निवडणुकीत मजूर पक्ष हरला. खरं तर ते छत्तीस जण आपापल्या राज्यांतून रीतसर आले होते, टास्मानियासारख्या छोट्या राज्यालाही न्यू साउथ वेल्सइतक्याच जागा होत्या. प्रादेशिक समतेत खोट काढायला जागा नव्हती. पण हे कोण, काय बोलले, कसं मत दिलं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नव्हतं. १९६७ मध्ये संसदीय नेत्यांना त्या परिषदेत आणि कार्यकारिणीत जागा देण्यात आली.

याच्या उलट टोकाचं उदाहरण पुन्हा ब्रिटनचं. मजूर पक्षाच्या कार्यकारिणीवर वर्षानुवर्षं निवडून येणाऱ्या अ‍ॅन ब्लॅक प्रत्येक बैठकीनंतर सदस्यांसाठी स्वतः वृत्तांत लिहीत आल्या आहेत. कोणता विषय आला, कोणी काय मांडलं, निर्णय कोणत्या दिशेनं गेला. एखाद्या प्रदेशाच्या प्रतिनिधीनं एवढंच केलं तरी फार झालं: बैठकीहून आल्यावर आठ दिवसांत प्रदेश समितीपुढं उभं राहून आपल्या प्रदेशाशी संबंधित विषय कोणते होते, मी काय बोललो आणि मत कुठं दिलं, हे सांगायचं, आणि समोरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. हे घटनेत लिहून घ्यायला एक छोटं कलम पुरतं. त्यातच पुढचं वाक्य जोडून घ्यावं: लागोपाठ दोनदा हा वृत्तांत दिला नाही, तर प्रदेश समितीला त्या जागी दुसरा माणूस पाठवता येईल.